कुर्डुवाडीची भाकरी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

लेकीनं, वैष्णवीनं, पुण्याहून ही डायरी पाठवली. फोनवर म्हणते, "आप्पा, अंदमानला जाताय तर रोज थोडं लिहा. मनातलं बाहेर येतं." माझ्या मनात काही अडकलेलं नाही. पण कोरी वही घरात पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून लिहितो. रेल्वेत असताना इंजिनावर काय घडलं ते लिहून द्यायची सवय होतीच.

सकाळी चहा घेत होतो तर दारात पोलीस. हवालदार गुरुशांत, आमच्या शुक्रवार पेठेच्या चौकीचा. लगेच समोरच्या गॅलरीत दोघी-तिघी कपडे वाळत घालायला आल्या. मी त्याला आत घेऊन दार लावलं. तो म्हणाला, "काका, शिवराजनं रजेचा अर्ज केलाय. थोडे दिवस घरी सोडत्यात तशी रजा. घरचे ठेवून घ्यायला तयार हायत का, एवढा तुमचा जबाब पायजे."

शिवराज माझा मुलगा. येरवड्याच्या तुरुंगात आहे, दोन वर्षं होऊन गेली. वैरागच्या रस्त्यावर संध्याकाळी दारू पिऊन टेम्पो हाणला आणि शेळ्या घेऊन घराकडं निघालेल्या बाईला उडवलं. केराबाई तिचं नाव. बाई जाग्यावर गेली. सात वर्षांची शिक्षा लागली त्याच दिवशी मी घरात सांगून टाकलं, मी ह्याचं तोंड बघणार नाही आणि ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाही. मी इंजिन ड्रायव्हर, दारू प्यालेलो नाही हे नळीत फुंकून दाखवल्याशिवाय कधी इंजिनावर चढलो नाही. माझ्या मागच्या डब्यांत हजारभर माणसं बिनघोर झोपलेली असायची. आणि माझ्याच पोराला एक टेम्पो शुद्धीत चालवता येऊ नये. लाज वाटते. अजून वाटते.

गुरुशांतला म्हटलं, अंदमानहून आल्यावर सांगतो. तो म्हणाला, "सांगा, पण टाळू नका. तुमी न्हाय म्हणलात की अर्ज गेला बगा."

आत बायको, विजयमाला, भाकरी थापत होती. गुरुशांत बोलत होता तोवर थापायचा आवाज बंद होता, तो गेल्यावर परत सुरू झाला. मीही विषय काढला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही काल कुर्डुवाडीला गेली होती, बहिणीकडं. आज दुपारी परत आली. दर महिन्याला जाते. कलावतीला साखरेचा त्रास आहे, तिच्याकडं बघायला कुणी नाही, म्हणून मी अडवत नाही. जाताना कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून नेते. आदल्या दिवशी तव्यावर भाकरी पापडासारखी होईस्तोवर भाजत बसते, घरभर धूर. आणि गंमत अशी की येताना कलावतीही हिला तेवढ्याच भाकऱ्या बांधून देते. फडकंसुद्धा तेच, आमच्या जुन्या चादरीचा तांबडा-हिरवा तुकडा. मी म्हटलं, तुम्ही बहिणी-बहिणी एकमेकींना भाकऱ्याच देत बसायच्या तर गाडीत एवढं बसून जायचं कशाला. ही म्हणाली, "गप खावा की. टिकायची भाकरी हाय, वाया कशाला घालवायची."

आमटीत चुरून खाल्ली. खरं बोलायचं तर कलावतीच्या हाताला अगदी आमच्या घरची चव आहे. दोघी एकाच आईच्या लेकी, तेव्हा नवल नाही. तिला निरोप दे म्हटलं, भाकरी झकास झाली होती. ही "देते" म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

९ फेब्रुवारी, रविवार

परवा निघायचं. अंदमान हे खूळ हिचंच. वैष्णवीनं विचारलं होतं, आई-आप्पांना कुठं पाठवू, तर लोक काशी म्हणतात, रामेश्वर म्हणतात, आमची म्हणाली काळं पाणी. मी विचारलं, तिथं काय ठेवलंय तुझं? तर म्हणे, "समुद्र बघायचाय." समुद्र रत्नागिरीलाही आहे. पण लेकीनं पैसे भरून टाकले होते.

संध्याकाळी कलावतीचा फोन आला. ही बाजारात गेली होती म्हणून मी घेतला. म्हणते, "दाजी, ताईला पाटवा की एकदा. दिवाळीपासनं तोंड न्हाय बगितलं तिचं." मी म्हटलं, अगं परवाच तर येऊन गेली. तर म्हणाली, "व्हय व्हय, आली हुती की. डोकं चालंना झालंय माझं." साखर डोक्यापर्यंत चढली म्हणायची. विजयमालाला सांगितलं, बहिणीला चांगल्या डॉक्टरकडं ने. तिनं मान हलवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पोर्ट ब्लेअर. नाव आता बदललंय म्हणतात, पण टॅक्सीवाला जुनंच बोलत होता.

विमानात पहिल्यांदाच बसलो. चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही, तो काय करतोय कळत नाही. उतरेपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं. ही मात्र खिडकीला नाक लावून बसली होती. हॉटेलवर पोचल्यावर हिनं पिशवीतून कडक भाकरी काढली. मासळीच्या गावात येऊन आम्ही भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सेल्युलर जेल पाहिलं. आमच्या टूरमध्ये सोलापूर, लातूरकडची माणसं. सगळे चप्पल काढून आत गेले, देवळात जावं तसं. गाईड हिंदीतून सांगत होता. एका मनोऱ्यातून फाकलेल्या लांबच लांब इमारती होत्या, आता थोड्याच उरल्यात. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडं. म्हणजे कैद्याला दुसरं माणूस दिसायलाच नको. कोठडीची कडी मी नीट बघितली. दारापासून लांब, भिंतीच्या कोनाड्यात नेऊन बसवलीय. आतून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. काम चोख आहे. ज्यानं हे डोकं चालवलं त्याच्या घरी लेकरंबाळं होती का नव्हती, कोण जाणे.

बाकीचे फोटो काढत होते. ही एका कोठडीत शिरली ती बाहेर येईना. आत जाऊन बघतो तर भिंतीला हात लावून उभी. मला म्हणाली, "एकट्याला ठेवायचे व्हय हितं? एका परीनं बरं. धा-धा जणांत झोपायला जागा तर मिळत न्हाय." मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, "आसंच. ऐकलंय."

मग गाईडला तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, घरचे भेटायला आले तर मधे काच असायची का, बोलायला फोन असायचा का. गाईड हसला. म्हणाला, माँजी, तेव्हा कुठला फोन, आणि भेटायला येणार कोण, मधे समुद्र आहे. सगळे हसले. मला अवघडल्यासारखं झालं. टीव्हीवरच्या मालिका बघून हिच्या डोक्यात काय काय भरलंय.

बाहेर आल्यावर पायरीवर बसली. डोळे पुसत होती. म्हटलं, काय झालं. म्हणाली, "इतक्या लांब टाकलं की आईनं जायचं कसं." मी म्हटलं, ती देशासाठी गेलेली माणसं होती, त्यांची गोष्ट वेगळी. मी पाण्याची बाटली आणायला गेलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वायपर बेटावर गेलो. हे सविस्तर लिहितो.

लहानसं बेट आहे, लाँचनं जायचं. मोठं जेल बांधायच्या आधी कैद्यांना इथं ठेवत. पायांत बेड्या, एका साखळीला बरीच माणसं. टेकडीवर लाल विटांची फाशीघराची इमारत आहे, वर घुमट. बाकी पडक्या भिंती आणि झाडी. दुकान नाही, गर्दी नाही. आमच्यातले बरेचजण "इथं काय बघायचं" म्हणून लाँचवर परत जाऊन बसले.

आजचा गाईड अनिलकुमार, पन्नाशीचा, तोंडात पान. तिथलाच जन्म. लातूरच्या एका मास्तरांनी त्याला विचारलं, तुमचे पूर्वज क्रांतिकारक होते का. तो म्हणाला, नाही साहेब, खुनी. अगदी सहज म्हणाला, माझा आजा शेतकरी होता असं सांगावं तसं. मास्तर गडबडले.

मग त्यानं सांगितलं ते असं. इथं आणलेल्यांत बहुतेक साधे गुन्हेगार. मारामारी, खून, दरोडा. त्याचा खापरपणजा उत्तरेकडचा शेतकरी. शेताच्या पाण्यावरून भांडण झालं, शेजाऱ्याच्या डोक्यात कुदळ घातली. जन्मठेप झाली. ह्याच बेटावर साखळीत होता. बरीच वर्षं नीट वागल्यावर सरकारनं मोकळं केलं, पण परत जायचं नाही, इथंच राहायचं ह्या अटीवर. जमीन दिली. बायकांच्या तुरुंगातल्या एका बाईशी लग्न लावून दिलं. मास्तरांनी विचारलं, तिनं काय केलं होतं? अनिलकुमार म्हणाला, ते आमच्यात विचारत नाहीत. तुझा बाप कुठल्या कलमाखाली आला, असं कुणी कुणाला विचारलं तर इथं कुणाचं लग्नच झालं नसतं.

विजयमालानं विचारलं, त्याच्या घरचं कुणी आलं का कधी? तो म्हणाला, "कौन आता, माँजी? घरवालों ने तेरहवीं कर दी थी." म्हणजे तिकडं घरच्यांनी ह्याचं तेरावं घालून टाकलं होतं. आणि हा इकडं जिवंत, चिखलात भात लावत होता. त्याला ते कित्येक वर्षांनी, त्याच गावाचा दुसरा एक कैदी आला तेव्हा कळलं. अनिलकुमार म्हणाला, घरात अशी आठवण सांगतात की त्या दिवशी तो शेतातच बसून राहिला, बायकोनं येऊन उठवलं.

अजून एक सांगितलं. त्यांच्या घरात एक रीत आहे. नवा भात आला की पहिलं ताट त्या मेलेल्या शेजाऱ्याच्या नावानं वाढतात. रामदीन त्याचं नाव. खापरपणज्यानंच सुरू केलं ते, अजून चालू आहे. अनिलकुमारच्या मुली कॉलेजात शिकतात, त्याही वाढतात. तो म्हणाला, खापरपणज्याचं खरं नाव काय होतं ते आम्हाला धड ठाऊक नाही, कागदांवर त्याचा नंबरच. पण त्यानं ज्याला मारलं त्याचं नाव घरातल्या पोराटोरांना पाठ आहे.

मला ऊन लागल्यासारखं झालं. सावलीत जाऊन बसलो. ही माझ्या शेजारी येऊन बसली आणि पदरानं वारा घालायला लागली. काही म्हणाली असती तर मी ओरडलो असतो, हे तिला ठाऊक आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज काही नाही. समुद्र. हिनं वाळूत उभं राहून फोटो काढून घेतला. शिंपले नेऊ देत नाहीत म्हणून खिशातले तिथंच टाकले.

कोर्टातलं आठवत होतं. सगळे तिला "मयत" म्हणायचे. मयत रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालली होती, मयताच्या शेळ्या. जजसाहेबही, वकीलही. शिवराज खाली मान घालून उभा असायचा. त्याच्या तोंडून केराबाईचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. तिच्या तेराव्याला मी वैरागजवळच्या त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. आत जायचं धाडस झालं नाही. बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. तिच्या मुलानं, धुळाप्पानं, मला बघितलं. "जावा" म्हणाला नाही आणि "या" पण म्हणाला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सोलापूर. घर धुळीनं भरलेलं. पिशव्या ठेवतोय तोवर गुरुशांत हजर. मी म्हटलं, केराबाईच्या घरी विचारलंत का? तो म्हणाला, "इचारलं की. धुळाप्पा म्हणला, त्याला घरी आणला काय न आणला काय, आमची आई काय परत येत न्हाय. लिहून काय दिलं न्हाय त्यानं."

मी आठ दिवस मागितले. गुरुशांत म्हणाला, "काका, हो नायतर न्हाय, एवढंच तर लिवायचंय." त्याला एवढंच वाटतं. मी शिवराजला घरात घेतला तर धुळाप्पाच्या दारात परत कुठल्या तोंडानं उभा राहू? आणि नाही म्हणालो तर मीही त्याचं तेरावं घातल्यासारखंच झालं. काल विमानात हेच डोक्यात होतं, त्यामुळं भीतीही वाटली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. त्याला एकच गोष्ट विचारायची. तू मारलंस तिचं नाव काय? सांगता आलं तर ठेवून घेईन. नाहीतर गुरुशांतला सरळ नाही म्हणून लिहून देईन, मग हिनं माझ्याशी बोलणं टाकलं तरी चालेल.

तुरुंगात भेटायचा नंबर मोबाईलवरून लावतात असं कळलं. वैष्णवीला फोन केला. मला वाटलं, ती शंभर प्रश्न विचारेल. एकही विचारला नाही. आधार कार्ड कुठलं, कुठल्या दाराला जायचं, किती वाजता उभं राहायचं, सगळं घडाघडा सांगितलं. आजकालच्या पोरींना मोबाईलमधलं सगळंच येतं. फक्त ठेवताना म्हणाली, "आप्पा, रुमाल घेऊन जा." पुण्यात एवढी थंडी आहे का आता?

हिला सांगितलं नाही. आशेला लावायचं आणि मग मोडायचं, त्यापेक्षा नको. सोमवारी कुर्डुवाडीला जातो म्हटलं, जुन्या लोकोवाल्यांचं जेवण आहे. ही बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "जावा की. कलावतीला भाकरी देते, तेवढी पोच करा."

२४ फेब्रुवारी, सोमवार

गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय.

पहाटे निघालो. हिनं त्याच तांबड्या-हिरव्या फडक्यात भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली. कुर्डुवाडी आली आणि गेली. मी विचार केला, कलावतीला परत कधीतरी देऊ, आता आपण चाललोच आहे तर पोराला देऊ. भाकरी त्याला आवडायची. लहानपणी नुसतीच कडाकडा खात फिरायचा.

दारावर झडती घेणाऱ्या शिपायानं गाठोडं हातात घेतलं, उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "सोलापूर का?" मी म्हटलं, व्हय, तुम्हाला कसं कळलं. तो म्हणाला, "हे फडकं ओळखतो मी. त्या मावशी आणतात ना दर महिन्याला. प्रत्येक वेळी सांगतो, मावशी, घरचं खाणं आत जात नाही. तरी आणतातच. म्हणतात, एखाद्या वेळी सोडाल. तुम्ही त्यांचे मालक का? परत न्या बाबा हे."

मागची माणसं पुढं सरका म्हणायला लागली.

म्हणजे कुर्डुवाडी नव्हतीच. ही भाकरी दर महिन्याला येरवड्यापर्यंत यायची आणि परत फिरून माझ्या ताटात पडायची. आणि मी आमटीत चुरून खायचो. वर झकास झाली म्हणून निरोप द्यायचो. हिनं ते कसं ऐकून घेतलं असेल?

राग आला का? आला. दोन वर्षं माझ्या नाकाखाली खोटं बोलली. पण पाय काही मागं फिरले नाहीत. गाठोडं बाहेरच्या कट्ट्यावर एका म्हातारीजवळ ठेवलं आणि आत गेलो.

मधे काच. फोन. हिनं अंदमानला विचारलं होतं, अगदी तसंच. शिवराज आला. आधी नेहमीसारखा आला, आईला बघायच्या तयारीनं, आणि मला बघून थबकला. बारीक झालाय. कानाजवळचे केस पिकलेत. फोन उचलला आणि "आप्पा" म्हणाला.

मी बाकी काही विचारलं नाही. म्हटलं, तिचं नाव काय?

कुणाचं, असं त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "केराबाई. धुळाप्पाची आई." मग म्हणाला, "आप्पा, तिनं दोन्ही हात वर केले हुते. शेळ्या रस्ता वलांडत हुत्या म्हणून. मला दिसलं हुतं. कोर्टात मी दिसलं न्हाय म्हणलो. दिसलं हुतं. पाय बिरेकवर गेलाच न्हाय."

रेल्वेत दोन्ही हात वर म्हणजे धोक्याचा सिग्नल. कुणीही असो, रुळांवरचा साधा खलाशी-मजूर असो, त्यानं दोन्ही हात वर केले की गाडी थांबवायची. शिवराज पाच वर्षांचा असताना क्वार्टरच्या अंगणात मी त्याला हे शिकवलं होतं. मी हात वर करायचो आणि तो धावता धावता गप्पकन उभा राहायचा.

रुमाल होता म्हणून बरं. तोही रडत होता. वेळ संपत आली तेव्हा मी म्हटलं, जेवतोस का नीट? तो "व्हय" म्हणाला. मी म्हटलं, रजेवर आलास की पहिल्या दिवशी वैरागला जायचं, धुळाप्पाच्या दारात. जे मला सांगितलंस ते त्याला सांगायचं. तो हाणेल, शिव्या देईल, दार लावून घेईल, काय करेल ते करेल. मी संगं येतो. तो म्हणाला, "येतो, आप्पा."

बाहेर आलो. म्हातारीनं गाठोडं सांभाळून ठेवलं होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हिनं दार उघडलं, हातातलं गाठोडं घेतलं. त्याचं वजन तिला लगेच कळलं असणार. तरी विचारलं, "कलावती कशी हाय?"

मी चपला काढल्या. म्हटलं, "शिवराज बारीक झालाय."

दोन वर्षांत आम्हा दोघांत ते नाव पहिल्यांदा निघालं, आणि माझ्याच तोंडून. ती दाराला धरून खाली बसली. रडून घेतलं तिनं, मीही बसलो शेजारी. मग विचारत सुटली, काय म्हणाला, खोकला गेला का, दाढी केली होती का. मी कोर्टातलं आणि हात वर केल्याचं सांगितलं. म्हणाली, "मला ठावं हाय. मला पैल्याच भेटीत सांगितलं त्यानं. तुमाला त्याच्या तोंडनंच कळाया पायजे हुतं."

आज सकाळी गुरुशांतकडं जाऊन जबाब लिहून दिला. ठेवून घेतो म्हणून सही केली. वैरागचंही त्याला सांगितलं. तो म्हणाला, ते काय लिहायची गरज न्हाय. मी म्हटलं, लिहा.

दुपारी जेवायला बसलो. हिनं सवयीनं फडकं सोडलं आणि भाकरी मोडायला घेतली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "ही नको. त्याची हाय ती. डब्यात ठिव, तो येईस्तोवर टिकंल."

तिनं भाकऱ्या परत बांधल्या आणि वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. मग चुलीशी जाऊन पीठ मळायला घेतलं आणि माझ्यासाठी मऊ भाकरी केली.